सामर्थ्याचा हिशेब : 'स्टार ट्रेक' मालिकांतील कथातर्क आणि शक्तिविसंगती

विज्ञानकथेचा विचार करताना 'कथेतील विज्ञान कितपत खरे आहे?' हा प्रश्न स्वाभाविकपणे पुढे येतो. जयंत नारळीकर यांच्यासारख्या वैज्ञानिक लेखकाच्या कथांसंदर्भात तो महत्त्वाचाही आहे. दूरचित्रवाणीवर वर्षानुवर्षे चालणाऱ्या विज्ञानमालिकांना मात्र हा निकष लावून फारसे काही हाती लागत नाही. प्रकाशाहून अधिक वेगाने जाणारे यान, माणसाचे कणाकणांत विघटन करून त्याला दुसऱ्या ठिकाणी उभे करणारे यंत्र, या गोष्टी अशक्य आहेत हे ठाऊक असूनच प्रेक्षक मालिका पाहावयास बसतो. न पटणाऱ्या शक्यतेपेक्षा पटणारी अशक्यता कवीने पत्करावी, असे ॲरिस्टॉटलने म्हटले आहेच. तेव्हा प्रश्न वेगळ्या रीतीने विचारला पाहिजे. कथेने एखादे सामर्थ्य निर्माण केले, त्याच्या मर्यादा सांगितल्या, तर पुढे ती आपलाच शब्द पाळते काय? आणि तिने तो पाळला नाही, तर नेमके नुकसान कोणाचे होते?

प्रस्तुत लेखात 'स्टार ट्रेक' या अमेरिकन मालिकासमूहाच्या आधारे या प्रश्नांचा विचार केला आहे. ८ सप्टेंबर १९६६ रोजी सुरू झालेली मूळ मालिका १९६९ मध्ये संपली. १९८० च्या दशकात ती दूरदर्शनवरूनही दाखवली गेली. त्यामुळे कॅप्टन कर्क आणि मिस्टर स्पॉक ही नावे आपल्याकडील एका पिढीला परिचित आहेत. पुढे 'द नेक्स्ट जनरेशन' (१९८७-१९९४), 'डीप स्पेस नाइन' (१९९३-१९९९) आणि 'व्हॉयेजर' (१९९५-२००१) या मालिका आल्या. शेकडो भाग, अनेक लेखक आणि या सर्वांचे मिळून एकच कल्पित विश्व, अशी ही रचना आहे. तीत विसंगती शिरणे अटळच होते. परंतु सर्व विसंगती सारख्या मोलाच्या नसतात, आणि चाहत्यांच्या चुका काढण्याच्या छंदात हाच भेद बहुधा हरवतो.

सामर्थ्याच्या हिशेबाची भारतीय वाचकाला जुनी सवय आहे. महाभारतात कवचकुंडलांच्या मोबदल्यात इंद्राकडून कर्णाला मिळालेली शक्ती एकदाच वापरता येणार असते. ती त्याने अर्जुनासाठी राखून ठेवली आहे. चौदाव्या दिवसाच्या रात्रियुद्धात घटोत्कच कौरवसैन्याची दाणादाण उडवतो आणि कर्णाला ती त्याच्यावर सोडावी लागते. पांडव शोक करतात. कृष्णाला मात्र आनंद होतो. या प्रसंगाचे सारे बळ 'एकदाच' या एका अटीत आहे. पुढे तीन दिवसांनी कर्णार्जुनयुद्धात व्यासांनी ती शक्ती पुन्हा कर्णाच्या हाती दिली असती, तर घटोत्कचाचे मरण फुकट गेले असते आणि कृष्णाचा आनंद हास्यास्पद ठरला असता. आनंदवर्धनाने अनौचित्याला रसभंगाचे कारण म्हटले ते येथे लागू पडते. अस्त्र खरे की खोटे याच्याशी औचित्याचा संबंध नाही. अस्त्राची अट पाळली गेली की नाही, याच्याशी आहे.

ट्रान्स्पोर्टर : सोयीतून जन्मलेले यंत्र

'स्टार ट्रेक'मधील ट्रान्स्पोर्टर हे यंत्र अंदाजपत्रकातून जन्मले. दर आठवड्याला एवढे मोठे यान नव्या ग्रहावर उतरताना दाखवणे निर्मात्यांना परवडणारे नव्हते. माणूस एका जागी अदृश्य होऊन दुसऱ्या जागी प्रकटला की खर्चही वाचे आणि कथाही वेगाने पुढे सरके. या सोयीचा पहिला मासला लगेचच मिळतो. रिचर्ड मॅथेसन यांनी लिहिलेल्या 'द एनिमी विदिन' (१९६६) या भागात ट्रान्स्पोर्टर बिघडून कर्कचे दोन कर्क होतात, एक सौम्य आणि एक हिंस्र. यंत्र दुरुस्त होईपर्यंत खाली ग्रहावर अडकलेले सहकारी थंडीने गारठत असतात. त्यांना आणण्यासाठी लहान यान का पाठवले नाही, असा प्रश्न पुढच्या प्रेक्षकांना पडला. उत्तर साधे आहे. मालिकेत तोवर असे यान तयारच झालेले नव्हते. ते नंतरच्या भागांत आले. ही विसंगती निरुपद्रवी होय. माणसाचा दुष्ट अंश काढून टाकला तर त्याची निर्णयशक्तीही जाते, हा त्या भागाचा आशय तिच्यामुळे यत्किंचितही ढळत नाही.

अडचण सुरू होते ती यंत्राचे सामर्थ्य वाढत गेल्यावर. 'द नेक्स्ट जनरेशन'मध्ये १९८९ साली डॉक्टर पुलास्की यांना जडलेला अकाली वार्धक्याचा विकार ट्रान्स्पोर्टरच्या साहाय्याने, त्यांच्या केसातील आनुवंशिक नमुना वापरून बरा केला जातो. १९९२ मध्ये मूळ मालिकेतील अभियंता स्कॉटी ७५ वर्षे त्या यंत्राच्या स्मृतिकोषात सुरक्षित राहून बाहेर येतो. १९९३ मध्ये कमांडर रायकरचा एक प्रतिरूप भाऊच सापडतो. आठ वर्षांपूर्वीच्या अपघातात एकाचे दोन झालेले असतात. म्हणजे या यंत्राजवळ तारुण्य आहे, दीर्घायुष्य आहे आणि एकाचे दोन करण्याची क्षमताही आहे. असे असताना या विश्वात कोणी म्हातारपणाने वा आजाराने का मरावे, याचे उत्तर कथा देत नाही. पुढच्या आठवड्यात ते यंत्र पुन्हा केवळ जिना होऊन बसते. कथेला संकट हवे असले, की ग्रहाच्या वातावरणातील कसल्यातरी अडथळ्यामुळे तो जिनाही बंद पडतो.

या विसंगतीची खरी किंमत 'व्हॉयेजर'मधील 'टुविक्स' (१९९६) या भागात मोजावी लागते. टुवॉक आणि नीलिक्स हे दोन सहकारी ट्रान्स्पोर्टरच्या अपघाताने एकरूप होऊन टुविक्स नावाची तिसरीच व्यक्ती जन्मते. तिला स्वतःचे मन आहे, जगण्याची इच्छा आहे. दोघांना परत मिळवायचे तर टुविक्सला नाहीसे केले पाहिजे. तो नकार देतो, गयावया करतो. यानावरील डॉक्टर वैद्यकीय धर्माचा हवाला देऊन हात राखतो. शेवटी कॅप्टन जेनवे स्वतः ती कृती करते. संपूर्ण मालिकासमूहात इतका कठोर नैतिक पेच क्वचितच मांडला गेला असेल. परंतु ज्या प्रेक्षकाने तीनच वर्षांपूर्वी रायकरचे दोन रायकर झालेले पाहिले आहेत, तो विचारणारच : टुविक्सची प्रत काढून मग एकाचे विभाजन का केले नाही? रायकरची प्रत एका विशिष्ट ग्रहाच्या वातावरणामुळे निघाली होती, ती मुद्दाम काढता येत नाही, असा बचाव करता येईल. तो ग्राह्यही आहे. पण तो बचाव प्रेक्षकाने करावा लागतो. कथा त्या वाटेला जातच नाही. एक वाक्य पुरेसे होते. त्या एका वाक्याअभावी जेनवेचा निर्णय अपरिहार्य न राहता केवळ घाईचा वाटू लागतो.

त्याहून मोठी उणीव पुढच्या भागात दिसते. टुविक्स पुसला गेला आहे आणि त्याची आठवणही कोणाला नाही. टुवॉक आणि नीलिक्स पूर्वीसारखेच आपापल्या कामाला लागतात. 'लोअर डेक्स' या विनोदी सचेतपट-मालिकेने २०२३ मध्ये या घटनेकडे परत वळून जेनवेच्या कृतीची थट्टेच्या रूपाने का होईना, दखल घेतली. जे गांभीर्याने करावयास हवे होते ते २७ वर्षांनी विनोदाने केले, हेही बोलके आहे.

बोर्ग : भीतीचा ऱ्हास

शक्तिविसंगतीचे दुसरे उदाहरण शत्रूचे आहे. यंत्रमानवांचा समूहमनाने जगणारा बोर्ग हा समाज १९८९ मध्ये प्रथम अवतरला. १९९० च्या 'द बेस्ट ऑफ बोथ वर्ल्ड्स' या दोन भागांच्या कथेत बोर्ग कॅप्टन पिकार्डचे अपहरण करून त्याला आपल्यात सामावून घेतात. त्याच्याच ज्ञानाच्या बळावर त्यांचे एकटे घनाकृती यान वुल्फ ३५९ च्या लढाईत ३९ जहाजे नष्ट करते. सुमारे ११ हजार माणसे मरतात. अखेर पिकार्ड आणि समूहमन यांच्यातील दुव्यातूनच बोर्गना निद्रेची आज्ञा दिली जाते आणि त्यांचे यान स्वतःचा नाश करून घेते. ज्या दुव्याने घात केला, त्यानेच सुटका केली. येथे कथातर्क निर्दोष आहे.

परंतु या कथेचे थोरपण लढाईनंतरच्या भागात आहे. 'फॅमिली' या भागात पिकार्ड फ्रान्समधील आपल्या गावी जातो आणि द्राक्षमळ्याच्या चिखलात भावाशी झोंबाझोंबी करता करता रडू लागतो. बोर्गना आपण थोपवू शकलो नाही, ही ती व्यथा. १९९३ मध्ये 'डीप स्पेस नाइन' सुरू होते तेव्हा तिचा नायक सिस्को याची पत्नी त्याच लढाईत मेलेली असते, आणि पिकार्डसमोर तो तुटकपणे बसतो. एका मालिकेतील आकडा दुसऱ्या मालिकेत माणूस होऊन येतो. हिशेब पाळणे म्हणजे काय, ते येथे दिसते.

'व्हॉयेजर'ने १९९७ पासून बोर्गना वारंवार बोलावले आणि प्रत्येक भेटीत ते थोडे थोडे दुबळे होत गेले. ३९ जहाजांना जे जमले नाही, ते सुमारे दीडशे माणसांचे एक वाट चुकलेले यान निभावून नेऊ लागले. 'युनिमॅट्रिक्स झिरो' (२०००) या कथेत जेनवे, टुवॉक आणि टोरेस हे तिघे डावपेच म्हणून स्वेच्छेने बोर्ग होतात आणि कथा संपेपर्यंत पूर्ववत माणसे होऊन परततात. एका औषधामुळे त्यांचे मन शाबूत राहते, असे कारण दिले आहे. कारण आहे, परंतु त्या कारणाने पिकार्डची जखम उणी होते. २००१ च्या अखेरच्या भागात भविष्यातून आणलेला एकच टॉर्पेडो बोर्गचे एक अवाढव्य यान उडवून देतो. शत्रूला सोपे केल्याने नायक मोठा होत नाही, ही नाट्यशास्त्राची प्राथमिक गोष्ट येथे विसरली गेली.

अडतीस टॉर्पेडो

'व्हॉयेजर'ची मूळ कल्पना टंचाईची होती. घरापासून ७० हजार प्रकाशवर्षे दूर फेकले गेलेले यान, परतीला ७५ वर्षे आणि जवळ जे आहे तेवढेच. पहिल्याच पर्वातील 'द क्लाउड' (१९९५) या भागात ३८ टॉर्पेडो असल्याचे आणि ते संपल्यावर नवे मिळण्याची सोय नसल्याचे स्पष्ट सांगितले आहे. मालिकेच्या सात पर्वांत त्याहून अधिक टॉर्पेडो डागले गेले. हा आकडा मालिकेवर कोणी लादला नव्हता. तिने तो आपण होऊन सांगितला होता. 'इयर ऑफ हेल' (१९९७) मध्ये यान खरोखरच मोडत, जळत, माणसे गमावत जाते. आणि शेवटी काळच मागे फिरवून सारे पुसले जाते. 'थ्रेशोल्ड' (१९९६) तर याहून विलक्षण आहे. अमर्याद वेग गाठलेल्या लेफ्टनंट पॅरिसचे विचित्र प्राण्यात रूपांतर होते, आणि डॉक्टर त्याला पुन्हा माणूस करतो. मग सर्वांनी तो वेग घेऊन घरी जावे आणि डॉक्टरने सर्वांना बरे करावे, ही वाट १९९६ सालीच मोकळी झाली होती. रंगभूषेसाठी या भागाला एमी पुरस्कार मिळाला, एवढेच त्याच्या बाजूने म्हणता येते.

याला केवळ लेखकांचा आळस म्हणणे अन्यायाचे होईल. पुनःप्रक्षेपणासाठी विकताना भाग कोणत्याही क्रमाने दाखवता यावेत, अशी व्यवसायाची गरज होती. त्यामुळे प्रत्येक भागाच्या शेवटी यान आणि माणसे मूळ स्थितीत यावीत, हा अलिखित नियम झाला. तांत्रिक तपशिलाचे स्थानही दुय्यम होते. या मालिकांचे एक पटकथालेखक रोनाल्ड डी. मूर यांनी २००९ मध्ये जाहीरपणे सांगितले, की पटकथेत लेखक तांत्रिक स्पष्टीकरणाच्या जागी नुसता 'टेक' हा शब्द लिहीत आणि सल्लागार नंतर तेथे योग्य शब्द भरत. म्हणजे संकट आणि सुटका ही दोन्ही त्या एका रिकाम्या शब्दावर उभी असत. ज्या शब्दाला मर्यादाच नाही, त्याच्यापुढे पात्राला निवड करावी लागत नाही.

मूर १९९९ मध्ये अल्पकाळ 'व्हॉयेजर'मध्ये होते आणि लवकरच बाहेर पडले. २००३ मध्ये त्यांनी 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' नव्याने उभी केली. तीही परागंदा ताफ्याचीच कथा आहे. परंतु येथे राष्ट्राध्यक्षांच्या यानातील फळ्यावर वाचलेल्या माणसांचा आकडा लिहिलेला असतो. तो सुमारे ५० हजारांपासून सुरू होतो आणि घटत जातो. पहिल्या भागाच्या शेवटी ताफ्यात एक मूल जन्मते आणि राष्ट्राध्यक्ष रोझलिन त्या आकड्यात एक मिळवतात. एवढ्या साध्या कृतीने प्रेक्षकाचा श्वास अडकतो, कारण तो आकडा खरा मानला जातो.

अर्थात ही मालिकाही हिशेबात चुकली. सायलॉन शत्रूंची बारा प्रतिमाने असतात. सात प्रतिमानांना क्रमांक दिले गेले आणि गूढ ठेवलेल्या पाचांना क्रमांक नव्हते. परंतु त्या सातांत एकाला आधीच आठवा क्रमांक देऊन झालेला होता. त्यामुळे सातव्या क्रमांकाची जागा रिकामी राहिली. ती चूक दडपता आली असती. लेखकांनी २००९ मधील 'नो एक्झिट' या भागात डॅनियल नावाचे सातवे प्रतिमान होते असे सांगितले. पहिल्या प्रतिमानाने मत्सरापोटी त्याचा समूळ नाश केला होता. मोजणीत राहिलेल्या फटीतून कथेला तिचा सर्वांत जुना भ्रातृवध मिळाला.