कवाड उघडं कोणी ठेवलं? संगणकातल्या डिफॉल्ट सेवांची चिकित्सा

(अकोल्यात झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे.)



विषय वाचून सकाळीच अमरावतीच्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. म्हणाला, "सर, हे तं इंजिनिअर लोकायचं काम. साध्या माणसाले याच्यात काय समजन?" मी म्हटलं, बाबा, साध्या माणसाचाच विषय आहे हा. इंजिनिअर आपलं आपण पाहून घेतो. डिफॉल्ट ही गोष्ट असते ती न पाहणाऱ्यासाठी.

प्रश्न असा आहे. नव्या संगणकावर आपण ऑपरेटिंग सिस्टिम टाकतो, विंडोज म्हणा, लिनक्स म्हणा. ती टाकून झाली की नेटवर्कवरच्या सेवा आपोआप चालू असाव्यात, की मालकाने सांगेपर्यंत बंद असाव्यात?

सेवा म्हणजे काय, ते आधी बघू. कानोसा घेत बसलेला एक प्रोग्राम. बाहेरून कोणी हाक मारली की तो ओ देतो. फाईल मागितली तर फाईल देतो, छापायला सांगितलं तर छापतो, "मला आत घे" म्हटलं तर पासवर्ड विचारून घेतो. अशी प्रत्येक सेवा एका क्रमांकाच्या दारामागे बसते. त्या दाराला पोर्ट म्हणतात. टीसीपीची अशी ६५,५३५ दारं असतात. आपल्याकडच्या जुन्या वाड्याला एक मोठं कवाड, एक दिंडी, फार तर मागचं एखादं दार. तरी म्हातारी माणसं रात्री उठून कडी बघायची. इथे दारं हजारोंनी, आणि कडी बघणारं कोणी नाही.

आता इतिहास. पंचवीस वर्षांपूर्वी कंपन्यांचा हिशोब सरळ होता. गिऱ्हाइकाने पेटी उघडली की सगळं चालू दिसलं पाहिजे. जेवढ्या सेवा चालू, तेवढा माल भारी. जानेवारी २००१ मध्ये रामेन नावाचा किडा आला. रेड हॅट लिनक्सच्या ६.२ आणि ७.० या आवृत्त्यांवर तो फिरला, एफटीपी, छपाई अशा सेवांमधल्या भोकांतून शिरत. त्याच वर्षी १९ जुलैला कोड रेड. चौदा तासांच्या आत सुमारे ३,५९,००० संगणक. कारण विंडोज २००० सर्व्हर टाकलं की आयआयएस हा वेब सर्व्हर सोबत बसायचा. वेबसाईट चालवायची नसलेल्यांच्याही यंत्रावर.

पण मला सगळ्यात बोलकं उदाहरण वाटतं ते स्लॅमरचं. २५ जानेवारी २००३. दहा मिनिटांत जगातले बहुतेक सगळे कच्चे संगणक, निदान ७५,०००, त्याने गाठले. भोक एसक्यूएल सर्व्हरमध्ये होतं, आणि ते बुजवायचा पॅच सहा महिने आधीच निघाला होता. मग लोकांनी तो लावला का नाही? अनेकांना माहीतच नव्हतं की आपल्या यंत्रात एसक्यूएल सर्व्हर आहे! त्याची एक लहान आवृत्ती दुसऱ्याच सॉफ्टवेअरसोबत गुपचूप आली होती. सांगा राजेहो, जे दार आपल्याला आहे हेच ठाऊक नाही, त्याला कुलूप कोण लावणार?

यातून उद्योगाने धडा घेतला, हे मान्य केलं पाहिजे. विंडोज सर्व्हर २००३ च्या सर्वसाधारण आवृत्त्यांत आयआयएस मुळात बसवणं बंद झालं. ऑगस्ट २००३ च्या ब्लास्टरनंतर, ऑगस्ट २००४ मध्ये एक्सपीच्या सर्व्हिस पॅक २ ने फायरवॉल आपोआप चालू ठेवली. उबुंटूने तर धोरणच केलं की नव्या स्थापनेत बाहेरून पोचता येईल असं दार उघडं नको, काही ठरावीक अपवाद सोडून.

आणि विचार म्हणाल तर तो त्याहून जुना. १९७५ मध्ये साल्टझर आणि श्रोडर या दोघांनी संगणकातल्या संरक्षणावर एक निबंध लिहिला. त्यात त्यांनी तत्त्वं मांडली. त्यातलं एक, परवानगी दिल्याशिवाय प्रवेश नाही. दुसरं, जे फार कमी सांगितलं जातं, ते असं की संरक्षणाची रीत माणसाला वापरायला सोपी हवी, नाहीतर तो ती नीट वापरणारच नाही. ही दोन तत्त्वं लक्षात ठेवा. माझी आजची सगळी टीका त्यांच्या मधल्या जागेत आहे.

आता म्हणाल, हे सगळं अमेरिकेतलं. आपल्या महाराष्ट्रातलं सांगतो. २७ जून २०१७. नवी मुंबईचं जवाहरलाल नेहरू बंदर. तिथलं मर्स्क समूहाचं एक टर्मिनल नॉटपेट्या नावाच्या हल्ल्यात बंद पडलं. संगणक गेले, कामं हाताने करायची वेळ आली, कंटेनर अडकले. हल्ला सुरू झाला कुठे? युक्रेनमध्ये, हिशोबाच्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून. टॅलीसारखंच काहीतरी समजा. पण कीव्हमधला हिशोब आणि उरणचा कंटेनर यांना जोडलं कशाने? कंपनीच्या आतल्या नेटवर्कने, आणि त्यावर ओ द्यायला बसलेल्या सेवांनी. फाईल शेअरिंगच्या जुन्या सेवेतलं भोक हा एक रस्ता. त्याचा पॅच मार्चमध्येच आला होता. दुसरा रस्ता जास्त विचार करायला लावणारा आहे. एका यंत्रातून पासवर्ड चोरायचा आणि त्याने दुसऱ्या यंत्रात राजरोस शिरायचं, विंडोज स्वतःहून तयार करून ठेवते त्या अ‍ॅडमिन शेअरमधून. इथे पॅच लावलेला असूनही उपयोग नव्हता. दार चालू होतं, किल्ली खरी होती. मर्स्कला पुढे दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले.

ती जुनी सेवा, एसएमबी १, विंडोजने नव्या स्थापनेतून काढली ती ऑक्टोबर २०१७ च्या आवृत्तीत. वॉनाक्राय मे महिन्यात येऊन गेला, नॉटपेट्या जूनमध्ये. म्हणजे बैल पळाल्यावर गोठ्याला कवाड.

मग उत्तर सोपं झालं ना? सगळं बंद ठेवा, टाळ्या वाजवा, घरी जा. नाही. इथेच मला 'बंद'वाल्यांशी भांडायचं आहे.

ओपनबीएसडी नावाची एक ऑपरेटिंग सिस्टिम आहे. तिचं ब्रीदच आहे की मुळात सुरक्षित. ती अभिमानाने सांगते की आमच्या डिफॉल्ट स्थापनेत एवढ्या वर्षांत बाहेरून शिरता येईल अशी दोनच भोकं सापडली. त्यांच्या कामाबद्दल मला आदर आहे. पण या दाव्यावर जुना आक्षेप आहे आणि तो रास्त आहे. डिफॉल्ट स्थापनेत चालू असतं किती? रिकाम्या घरात चोरी झाली नाही, यात कुलपाचं कौतुक किती आणि रिकामेपणाचं किती? माणूस तिथे राहायला येतो, वेब सर्व्हर टाकतो, मेल टाकतो, तेव्हाची हमी त्या आकड्यात नाही. मौज म्हणजे त्या दोनातलं २००२ सालचं भोक त्यांच्याच ओपनएसएसएचमध्ये होतं, जी सेवा चालू ठेवण्याजोगी मानली गेली होती.

दुसरं भांडण आपल्या गावचं. तुमच्यातल्या किती जणांच्या दुकानात, जिनात, कृषी केंद्रात दोन-तीन संगणक आहेत? हात वर करा... बरेच आहेत. ते कोणी जुळवून दिले? कंपनीने नाही, मायक्रोसॉफ्टने नाही. कोपऱ्यावरच्या भाऊने. एका संगणकावर हिशोबाचा डेटा, दुसऱ्यावरून बिल काढायचं, प्रिंटर एकच. फायरवॉल आडवी आली. भाऊला संध्याकाळपर्यंत अजून चार ठिकाणी जायचं आहे. तो काय करतो? फायरवॉल पूर्ण बंद. फोल्डर सगळ्यांना, पूर्ण अधिकारासह. "घ्या शेठ, चालू झालं." शेठ खूश.

त्या भाऊला नावं ठेवू नका. कंपनीने दार बंद दिलं, हे तिच्या कागदावर बरोबर. पण दोनच संगणकांपुरतं, एकाच फोल्डरपुरतं दार किलकिलं करायची सोपी रीत तिने दिली नाही, किंवा दिली ती दहा पडद्यांच्या मागे. साल्टझर-श्रोडरचं पहिलं तत्त्व पाळलं, दुसरं विसरले. परिणाम असा की वऱ्हाडातला खरा डिफॉल्ट ठरतो तो भाऊच्या घाईने.

आता माझी स्वतःची गोष्ट, कारण दुसऱ्याची चूक सांगणं सोपं असतं. बऱ्याच वर्षांपूर्वी एका कॉलेजात, नाव घेत नाही, तीस संगणकांची लॅब माझ्याकडे होती. मी एक यंत्र छान तयार केलं आणि त्याची प्रतिमा बाकी एकोणतीसवर उतरवली. दुरून ताबा घ्यायची सेवा चालू, सगळीकडे पासवर्ड एकच. का? संध्याकाळी खुर्चीतून न उठता सगळी यंत्रं बंद करता यावीत म्हणून. एका पोराने पासवर्ड हेरला. प्रॅक्टिकल परीक्षा चालू असताना त्याने गंमत म्हणून सगळ्या यंत्रांना बंदचा हुकूम दिला. दर्यापूरकडून एसटीने येणारी एक मुलगी होती. घरी संगणक नाही, जो सराव तो लॅबमध्येच. तिचा प्रोग्राम जवळजवळ झाला होता, सेव्ह केलेला नव्हता. रडली नाही ती. फक्त म्हणाली, "सर, माह्याकडून काही दाबलं गेलं काय?"

परीक्षा पुन्हा घेतली. पण ते वाक्य राहिलं. सोय माझी होती, भोगलं तिने, आणि वर दोष स्वतःकडे घेतला. डिफॉल्टची परीक्षा मी तेव्हापासून याच प्रश्नाने करतो. हे चालू ठेवल्याने सोय कोणाची, आणि भोगणार कोण? दोन्ही माणूस एकच असेल तर त्याला ठरवू द्या. वेगळे असतील तर बंद ठेवा आणि विचारा.

'विचारा' हा शब्द महत्त्वाचा. रास्पबेरी पाय हा छोटा संगणक तुमच्यातल्या पोरांनी पाहिला असेल. त्याला अनेकदा पडदा-कीबोर्ड काही नसतं. दुरून शिरायची एसएसएच बंद ठेवली तर त्याला सांगणार कसं? हा 'चालू'वाल्यांचा सगळ्यात सबळ मुद्दा आहे आणि तो खरा आहे. पूर्वी तिथे एसएसएच चालू असायची, वापरकर्ता ठरलेला, पासवर्ड ठरलेला. २०१६ मध्ये मिराईने ठरलेल्या पासवर्डचे कॅमेरे आणि राउटर गोळा करून धुमाकूळ घातला. नोव्हेंबर २०१६ मध्ये त्यांनी एसएसएच बंद केली. पण मेमरी कार्डावर 'एसएसएच' नावाची एक रिकामी फाईल ठेवा, ती चालू होईल, अशी सोय केली. पुढे एप्रिल २०२२ मध्ये ठरलेला वापरकर्ताही काढला. रिकामी फाईल! खर्च शून्य. पण ती ठेवणारा माणूस जाणूनबुजून ठेवतो. याला मी चांगलं डिफॉल्ट म्हणतो. ओपनबीएसडीही स्थापनेच्या वेळी सरळ विचारते की एसएसएच चालू ठेवू का, आणि मुख्य वापरकर्त्याला दुरून आत घेऊ का. दुसऱ्याचं आयतं उत्तर 'नाही'.

लिनक्सवाल्यांत अजून एक वाद आहे. डेबियनमध्ये सर्व्हरचं पॅकेज टाकलं की ते लगेच चालू होतं. तुम्हीच टाकलं ना, मग हवंच असेल. फेडोरात बहुतेक सेवा टाकल्या तरी बंद राहतात, तुम्ही चालू करा म्हणेपर्यंत. मला डेबियनचा तर्क अर्धा पटतो. ज्याचं नाव मी घेतलं ते चालू व्हावं. पण जे त्याच्या शेपटीला धरून आलं त्याचं काय? तो तर स्लॅमरचाच रस्ता. सप्टेंबर २०२४ मध्ये लिनक्सच्या छपाई व्यवस्थेत भोकं निघाली. नेटवर्कवरचे प्रिंटर आपोआप शोधणारा एक प्रोग्राम ६३१ क्रमांकाच्या दारावर कोणाचंही ऐकत होता. प्रिंटर नसलेल्या यंत्रांवरही.

तेव्हा माझं म्हणणं इतकंच. बंद हे उत्तर नाही, ती सुरुवात आहे. विचारून उघडणं, हवं तेवढंच उघडणं, आणि काय उघडं आहे ते मालकाला त्याच्या भाषेत दाखवणं, हे पुढचं काम. ते झालं नाही तर भाऊ येईल आणि सगळं उघडून जाईल.

श्रोत्यांमधून प्रश्न : सर, घरी राउटर आहे. बाहेरचा कोणी आत येऊच शकत नाही. मग काळजी कायची?

बरोबर, राउटर बहुधा बाहेरची हाक अडवतो. पण नॉटपेट्या बंदरात बाहेरून हाक मारत आला नव्हता, तो आतूनच पसरला. आणि तुमचा लॅपटॉप घरीच बसतो का? बडनेऱ्याच्या स्टेशनवरही उघडतो, तिथे शेजारचा कोण हे तुम्हाला माहीत नाही. आज घरी गेल्यावर विंडोजवर 'नेटस्टॅट -ए' किंवा लिनक्सवर 'एसएस -एल' ही आज्ञा चालवून बघा. कोण कानोसा घेत बसलंय त्याची यादी येईल. ओळखीचं नाव नसेल तर लगेच उडवू नका. आधी ते काय आहे ते विचारा, मग बंद करा. आणि भाऊला बोलवाल तेव्हा चहा पाजा, घाई करू नका, आणि काय काय उघडं ठेवलं ते त्याच्याकडून कागदावर लिहून घ्या.