मालेगावचा सुपरमॅन : कोणाचे हसू, कोणावर?

मालेगावच्या सुपरमॅनविषयी आजवर जे लिहिले गेले, त्यातले बरेचसे कौतुकाच्या सुरात आहे. यंत्रमागावर राबणाऱ्या गरिबांनी साधने नसताना, निव्वळ हौसेपोटी चित्रपट काढले म्हणून ते वाखाणायचे, असा हा सूर. आम्हांला तो अपुरा वाटतो. एखाद्याच्या गरिबीचे कौतुक करणे निराळे आणि त्याच्या कृतीचे मोल करणे निराळे. पहिल्यात कौतुक करणारा नकळत उंच आसनावर बसतो. २८ फेब्रुवारी २०२५ रोजी रीमा कागती दिग्दर्शित ‘सुपरबॉईज ऑफ मालेगाव’ हा हिंदी चित्रपट प्रदर्शित झाला आणि हा विषय पुन्हा चर्चेत आला. त्या निमित्ताने मूळ उद्योग, त्यावरचा माहितीपट आणि हा मुंबईचा चित्रपट, अशी तिन्ही शेजारी ठेवून पाहावीत असे आम्हांला वाटले.

ज्या वाचकांना हा इतिहास ठाऊक नसेल त्यांच्यासाठी थोडे सांगितले पाहिजे. मालेगाव हे नाशिक जिल्ह्यातले, मुंबई-आग्रा रस्त्यावरचे यंत्रमागांचे गाव. वस्ती मुख्यतः मुसलमान विणकरांची. आठवडाभर लूमच्या खडखडाटात उभे राहायचे, शुक्रवारी सुट्टी, आणि सुट्टीच्या दिवशी सिनेमा, हा तिथला रिवाज. नासिर शेख हा तरुण तिथे व्हिडिओ पार्लर चालवीत असे. परदेशी चित्रपटांचे तुकडे जोडून, आपल्या प्रेक्षकाला रुचेल असा खेळ तयार करता करता तो संकलन शिकला. पुढे मित्रांना जमवून त्याने ‘मालेगाव के शोले’ काढला. खर्च सुमारे ५० हजार रुपये. मूळ ‘शोले’त डाकू घोड्यांवरून येतात, इथे ते सायकलींवरून येतात. तिथे आगगाडी, इथे बस. सायकलीवर कॅमेरा ठेवून सरकते दृश्य घ्यायचे आणि बैलगाडीचे धुरे वरखाली करून क्रेनचे काम भागवायचे, अशी ही चित्रशाळा. नंतर सुपरमॅन आला. त्याचे काम केले शफीक शेख या काटकुळ्या यंत्रमाग कामगाराने. अंगात निळा-लाल पोशाख आणि तांबड्या चड्डीचा नाडा पुढे लोंबतो आहे. हे चित्रीकरण होत असतानाच फैजा अहमद खान यांनी ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला. तो २००८ सालचा. आपल्याकडच्या चित्रपटगृहांत तो २०१२ साली लागला.

तो नाडा हीच आमच्या मते या सबंध उद्योगाची किल्ली आहे. नाडा लोंबतो तो शिंप्याच्या चुकीमुळे नव्हे. तो तसा ठेवलेला आहे. कामावरून घरी आलेला मालेगावचा माणूस जशी नाड्याची चड्डी घालतो तशीच ही चड्डी. जगाच्या त्रात्याला ती घातली की त्राता आपल्या गल्लीत उतरतो. घोड्यांच्या जागी सायकली आल्या त्यातही हेच आहे. घोडे परवडत नव्हते हे खरे. परंतु डाकू सायकलची घंटी वाजवीत येऊ लागले की जे हसू फुटते ते घोडे परवडले असते तर फुटले नसते. अभावाला विनोदाचे रूप देण्यासाठी एक निराळी नजर लागते, आणि ती नासिरजवळ आहे. अनुकरण करणारा मूळ कृतीपुढे मान खाली घालतो. विडंबन करणारा मूळ कृती घरी आणून तिला पाटावर बसवतो आणि आपल्या ताटातले वाढतो.

हे हसू कोणते, ते आपल्या वाचकांना फोड करून सांगण्याची गरज नसावी. नाताळच्या रात्री चर्चच्या अंगणात होणारी नाटुकली आपण सर्वांनी पाहिली आहेत. मेंढपाळांच्या डोक्याला आंघोळीचे टॉवेल, देवदूताच्या पाठीला पुठ्ठ्याचे पंख, हेरोदाच्या अंगावर कोणाच्या तरी आईची जरीची साडी. देवदूत आनंदाची वार्ता सांगत असताना त्याचा एक पंख गळून पडतो आणि सारे अंगण हसते. त्या हसण्याने देवदूताचा पाणउतारा होत नाही, कारण तो सर्वांचाच मुलगा असतो. मात्र रस्त्याने जाणारा परका कुंपणावरून डोकावून तसाच हसला तर आपल्याला ते बोचेल. हसू तेच, उभे राहण्याची जागा बदलली. मालेगावच्या चित्रपटांवर लिहिणाऱ्याने आधी स्वतःला विचारावे, की आपण अंगणात आहोत की कुंपणाबाहेर.

घरच्या माणसांना घेऊन अद्भुताचे चित्रपट काढण्याची ही चाल मालेगावात प्रथम निघाली असे मात्र कोणी समजू नये. याच नाशिक जिल्ह्यातल्या त्र्यंबकेश्वरी जन्मलेल्या दादासाहेब फाळके यांनी ती शंभराहून अधिक वर्षांपूर्वी पाडली. तिचा उगम आपल्या वाचकांना विशेष जवळचा वाटेल. मुंबईत ख्रिस्तचरित्रावरचा मूक चित्रपट पाहत असताना फाळके यांच्या मनःचक्षूंपुढे राम आणि कृष्ण उभे राहिले, आणि आपल्या देवांचे असे चित्रपट आपल्याच माणसांनी का करू नयेत, या विचाराने त्यांना झपाटले. हे त्यांनीच पुढे लिहून ठेवले आहे. परक्या भूमीत तयार झालेली येशूची चलच्चित्रे पाहून इथल्या माणसाला स्वतःच्या अंगणाची आठवण व्हावी, हा योगायोग आम्हांला फार मोलाचा वाटतो.

मग सुरू झाला तो अक्षरशः घरगुती कारखाना. १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये रोहिदास झाला तो त्यांचा मुलगा भालचंद्र. पत्नी सरस्वतीबाईंनी दागिने दिले, मंडळींचा स्वयंपाक रांधला, अंधारात बसून फिल्मला भोके पाडली, आणि चित्रीकरणाच्या वेळी उन्हात पांढरी चादर धरून प्रकाश परतवला. १९१९ च्या ‘कालिया मर्दन’मध्ये कृष्ण झाली ती त्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी. नागाच्या फण्यावर उभा राहणारा हा बालवीर म्हणजे फाळके यांच्या घरातला सुपरमॅनच. त्या चित्रपटाचा आरंभ मुद्दाम पाहण्यासारखा आहे. कृष्णवेष चढवण्याआधी फाळके आपल्याला मंदाकिनीचा साधा चेहरा दाखवतात. ती राग, भय, आनंद असे एकेक भाव करून दाखवते. मग तीच मुलगी कृष्ण होते. ही माझी मुलगी आहे हे लपवावे असे बापाला वाटले नाही, आणि तरीही पुढे प्रेक्षकाने तिला कृष्ण मानले. शफीकचा नाडा आणि मंदाकिनीचा उघडा चेहरा यांत आम्हांला एकच जातकुळी दिसते. (मूळ सुपरमॅनही क्लीव्हलंड शहरातल्या दोन शाळकरी मित्रांच्या डोक्यातून निघाला. १९३८ साली त्यांनी त्याचे हक्क १३० डॉलरला विकले आणि पुढे आयुष्यभर हळहळत राहिले. घरची वस्तू एकदा बाजारात गेली की काय होते त्याचे हे उदाहरण. पण तो विषय वेगळा.)

आता माहितीपट. फैजा अहमद खान यांच्या कामाचा गुण असा, की त्या अंगणात बसल्या आहेत. आकाशात उडण्याचे दृश्य घेण्यासाठी हिरवे कापड ताणले जाते, कॅमेरा पाण्यात पडतो, आणि चित्रीकरण ऐन रंगात आले असताना नायक शफीक याचे लग्न निघते. हे सारे त्या हसत दाखवतात; तथापि कोणाला हास्यास्पद करीत नाहीत. मधेच लेखक फरोग जाफरी बोलू लागतो. मुंबई इतकी जवळ असून आपल्याला ती लाभली नाही, ही त्याची खंत तो शांतपणे सांगतो, आणि पाहणाऱ्याचे हसू ओठांवर थिजते. ८ सप्टेंबर २००६ रोजी झालेल्या बाँबस्फोटांत कितीतरी घरे शोकात बुडालेले हे गाव. बाहेरच्या जगाला त्याचे नाव तेवढ्यासाठीच माहीत. अशा गावाने स्वतःविषयी हसण्याचा हक्क राखून ठेवला, ही गोष्ट माहितीपटात कोणी भाषण करून सांगत नाही. ती दिसते.

रीमा कागती यांचा चित्रपट वाईट नाही. वरुण ग्रोवर यांचे लेखन कसदार आहे. फरोगचे काम विनीतकुमार सिंह यांनी आणि शफीकचे शशांक अरोरा यांनी समजून केले आहे. मैत्रीतले रुसवे, पैशाचा प्रश्न, श्रेय कोणाचे हा वाद, हा भाग माहितीपटापेक्षा इथे अधिक खोल उतरला आहे. परंतु एका ठिकाणी आमचा या चित्रपटाशी मतभेद आहे, आणि तो लहान नाही. प्रत्यक्षातला शफीक पुढे ऐन तारुण्यात कर्करोगाने गेला. मुंबईच्या चित्रपटाने ते दुःख उचलले आणि सुपरमॅनच्या जन्माचे कारण करून टाकले. मित्र मरणाच्या दारात आहे, म्हणून त्याला एकदा आकाशात उडवायचे, म्हणून हा चित्रपट काढायचा. प्रेक्षक रडतो, आणि रडण्यासारखे तिथे आहेही. पण माहितीपटात आपण जो सुपरमॅन पाहिला त्याला असल्या कारणाची गरज नव्हती. तो निघाला गंमत म्हणून, शुक्रवारच्या प्रेक्षकांसाठी, आणि आणखी काहीतरी नवे करून पाहावे या खाजेपोटी. त्यातला शफीक लग्नाच्या गडबडीतला नवरदेव आहे.

कष्टकऱ्याचा आनंद आम्हांला नुसता आनंद म्हणून का पचत नाही? त्याच्या मागे मरण उभे केल्यावाचून तो आदरास पात्र का ठरत नाही? फाळके यांनी मुलीला कृष्ण का केले, याचे कारण कोणी त्यांच्या घरातल्या दुःखात शोधत नाही. मग मालेगावच्या लूमवाल्याला ही सवलत का असू नये? बीड जिल्ह्यात राहून हा प्रश्न आम्हांला अधिकच टोचतो. दसरा झाला की ऊसतोडीला निघणाऱ्या बैलगाड्या आणि ट्रक इथल्या वाचकाने जन्मभर पाहिले आहेत. त्या माणसांविषयी जे काही लिहिले वा चित्रित केले जाते त्यात दुष्काळ असतो, कर्ज असते, आणि ते असायलाही हवे. कोपीपुढच्या शेकोटीभोवती रंगणाऱ्या नकला आणि सोंगे मात्र त्यात क्वचितच येतात. मालेगावने आपली सोंगे स्वतःच टिपली, म्हणून ती उरली.

स्त्रियांचा प्रश्न टाळून पुढे जाणे बरोबर होणार नाही. मालेगावच्या चित्रपटांत गावातली बाई काम करीत नाही. नायिका बाहेरून आणावी लागते. फाळके यांच्यापुढेही हीच भिंत होती. ‘राजा हरिश्चंद्र’ची तारामती झाला तो साळुंके नावाचा पुरुष. पण त्याच वर्षी ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमळाबाई या मायलेकी पडद्यावर आल्या आणि सहा वर्षांनी फाळके यांची स्वतःची मुलगी कृष्ण झाली. भिंतीला घरातूनच खिंडार पडले. मालेगावचा त्राता सर्वांचा आहे खरा, पण त्याच्या चित्रीकरणात गावातल्या निम्म्या माणसांना जागा नाही. माहितीपट ही उणीव दाखवतो, तिच्यापाशी फार वेळ थांबत नाही. मुंबईच्या चित्रपटात स्त्रियांना आवाज मिळाला आहे, आणि ही त्याची जमेची बाजू.

हल्ली प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आहे. आपल्या घरांतली मुलेही सुट्टीत चुलतभावंडांना जमवून, खांद्यावर ओढणी बांधून, गच्चीवर उडणाऱ्या माणसाचे चित्रपट काढतात. त्यांतले बहुतेक परक्या चित्रपटांची हुबेहूब नक्कल असतात, पार्श्वसंगीतसुद्धा उचललेले. त्यांना रागावण्यापेक्षा माहितीपट आणि ‘कालिया मर्दन’ची पहिली काही मिनिटे दाखवावीत असे आम्ही सुचवू. आणि क्रम असा ठेवावा : आधी मंदाकिनी, मग माहितीपटातला शफीक, आणि मुंबईचा चित्रपट सर्वांत शेवटी. उलट क्रमाने पाहिले तर शफीक पडद्यावर येताच डोळे भरून येतील, आणि नाड्याकडे कोणाचे लक्षच जाणार नाही.