रिकामी खोली आणि काजव्यांचं झाड

आजचा विषय पत्रिकेत ‘इको-टूरिझमचा उदय’ असा छापलाय. उदय झालाय, त्याबद्दल वाद नाही. पण उगवलंय ते नेमकं काय, हे आज जरा तपासून बघू.

सुरुवात टॉवेलपासून करू. तुम्ही हॉटेलात उतरता, बाथरूममध्ये एक हिरवी पाटी असते. ‘टॉवेल पुन्हा वापरा, पृथ्वी वाचवा.’ अमेरिकेतले पर्यावरणवादी जे वेस्टरवेल्ड यांनी १९८६ साली एका निबंधात याच पाटीवर बोट ठेवलं. पृथ्वीचं राहू द्या, वाचतंय ते धुलाईचं बिल, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख. त्या निबंधात त्यांनी जो शब्द वापरला, तो आज जगभर चालतो : ग्रीनवॉशिंग. म्हणजे ‘इको’ हा शब्द अजून नीट रुजायचा होता, तेव्हाच त्याची नक्कल बाजारात आलेली होती.

पण मला नुसती लबाडी दाखवायची नाहीये. प्रामाणिक हॉटेलवाल्याचीसुद्धा एक अडचण असते, ती समजून घेऊ. हॉटेलची खोली हा फार नाशवंत माल आहे बरं का. आज रात्री खोली रिकामी राहिली, तर ती रात्र उद्या विकता येत नाही. गेली ती गेली. कर्जाचा हप्ता, पगार, विजेचं बिल मात्र चालूच. म्हणून संध्याकाळी भाजीवाला भाव पाडतो तसं हॉटेलही भाव पाडतं, पॅकेज काढतं, नसलेला सीझन तयार करतं. या धंद्याचा सगळा जीव खोली भरण्यात आहे. आलेल्या गिऱ्हाइकाला ‘नाही’ म्हणणं त्याच्या रक्तातच नाही.

आणि निसर्गाला काय लागतं? नेमका रिकामेपणा. काही महिने, काही रात्री, काही जागा माणसाविना. खरी मेख इथे आहे. पाहुणचाराचा धंदा ‘या’ म्हणण्यावर चालतो आणि निसर्ग ‘आता नको’ म्हणण्यावर टिकतो. इको-टूरिझमला ही दोन्ही वाक्यं एकाच तोंडाने बोलायची आहेत. संयुक्त राष्ट्रांनी २००२ हे इको-टूरिझमचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं केलं. निसर्ग जपला जावा, स्थानिकांचं भलं व्हावं, पाहुण्याने काही शिकून जावं, अशी त्याची व्याख्या सांगतात. छान आहे. पण ‘नाही’ कोण म्हणणार, हे त्यात कुठे येत नाही.

आता आपल्याकडे येऊ. काजव्यांचं उदाहरण घ्या. मेच्या अखेरीपासून जूनच्या मध्यापर्यंत भंडारदरा-घाटघर परिसरात हिरडा, बेहडा, सादडा अशी झाडं काजव्यांनी लखलखतात. हे कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे. तो प्रकाश काय असतो? नराने मादीला आणि मादीने नराला घातलेली ती साद असते. प्रौढ काजव्याचं आयुष्य जेमतेम काही आठवड्यांचं, तेवढ्यात त्याला जोडीदार शोधायचा असतो. आता शनिवारी रात्री त्या झाडाखाली गाड्यांची रांग लावा, हेडलाइट टाका, मोबाइलचे फ्लॅश मारा. म्हणजे दोघं कुजबुजत असताना मध्ये डीजे लावल्यासारखं झालं. शिवाय काजव्याच्या अळ्या वाढतात जमिनीवर आणि ओल्या मातीत, आणि ती जमीन आपण तुडवतो. मग याला ‘निसर्ग महोत्सव’ म्हणायचं कसं?

इथे गावकऱ्यांकडे बोट दाखवणं सोपं आहे. मी दाखवणार नाही. पावसाच्या तोंडावर घरात पैसा नसतो, बी-बियाणं घ्यायचं असतं. त्याच पंधरवड्यात शहरातून पैसा चालत येतो. आलेल्या गाडीला परत कोण पाठवेल? आणि त्याने पाठवली तर शेजारचा तंबूवाला घेणारच आहे. एकट्याने म्हटलेला ‘नाही’ इथे फुकट जातो. तो सगळ्यांनी मिळून म्हणावा लागतो.

हे जमू शकतं का? मंडणगड तालुक्यातलं वेळास बघा. तिथे ऑलिव्ह रिडले कासवाची मादी किनाऱ्यावर येते, शंभरेक अंडी घालते आणि निघून जाते. पूर्वी ती अंडी माणसं न्यायची, कुत्री-कोल्हे खायचे. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखायला सुरुवात केली. कासव महोत्सव त्यानंतर आला. क्रम लक्षात घ्या : आधी राखण, मग पाहुणे.

आणि पाहुणे राहतात कुठे? लोकांच्या घरी. माझ्या मते खरं मर्म इथे आहे. ओटीवरची खोली पाहुण्यांसाठी कर्ज काढून बांधलेली नसते. पाहुणा आला नाही तर तिथे आंबे पसरतात. ते घर रिकामेपणा सोसू शकतं. म्हणूनच ते तुम्हाला सरळ सांगू शकतं, की आज पिल्लं निघतीलच याची खात्री नाही. रिसॉर्टला हे वाक्य परवडत नाही. उद्या त्याच किनाऱ्यावर कर्जाच्या चाळीस खोल्या उभ्या राहिल्या, तर कासवांना वेळापत्रक पाळायला सांगण्याची वेळ येईल.

आता एक आक्षेप. ‘मर्यादा घातली की दर वाढतात. मग निसर्ग फक्त श्रीमंतांनीच बघायचा का?’ आक्षेप खरा आहे. आफ्रिकेतल्या काही महागड्या सफारींमध्ये नेमकं हेच झालंय. पण मर्यादा पैशानेच घालावी असं कुठे आहे? ती पाळीनेही घालता येते. साताऱ्याजवळचं कास पठार २०१२ साली पश्चिम घाटाबरोबर जागतिक वारशात गेलं आणि गर्दी लोटली. पुढे तिथे दिवसाला ३,००० माणसं आणि आधी ऑनलाइन नोंदणी, असा नियम आला. त्यात त्रुटी आहेत. नियम फाटकाशी थांबतो, आणि पठाराकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या बांधकामांचा वाद संपत नाही. तरीसुद्धा ‘आज नाही, परवा या’ हे वाक्य तिथे उच्चारलं गेलं, आणि ते श्रीमंत-गरीब सगळ्यांना सारखंच लागू झालं. ही लहान गोष्ट नाही.

तेव्हा माझी कसोटी सोपी आहे. सौर दिवे, बांबूची खुर्ची, मातीची भिंत, हे सगळं नंतर बघा. पुढच्या वेळी ‘इको’ लिहिलेल्या ठिकाणी फोन कराल, तेव्हा एकच विचारा : ‘गेल्या वर्षी तुम्ही कोणत्या दिवसांत पाहुणे घेतले नाहीत, आणि का?’ उत्तर आलं, तर जरूर जा. समोरचा गोंधळला, तर तो टॉवेलचाच भाऊ आहे असं समजा.

आणि कधी तुम्हालाच ‘आत्ता नका येऊ’ असं उत्तर मिळालं, तर रागावू नका. त्या रात्री झाडावर काजवे असतील आणि खाली कुणी नसेल. आपल्या इको-टूरिझमची सगळ्यात यशस्वी रात्र ती असेल.

आता प्रश्न घेऊ या.