रिकामें अध्यक्षासन

महाबळेश्वर येथें २००९ सालीं भरलेलें ८२ वें साहित्यसंमेलन अध्यक्षावांचूनच पार पडलें. नियोजित अध्यक्ष डॉ. आनंद यादव यांच्या 'संतसूर्य तुकाराम' या कादंबरीनें वारकरी दुखावले होते. यादवांनीं क्षमा मागितली, पुस्तक मागें घेतलें. तरी त्यांस पद सोडावें लागलें. आमच्या पाथरीच्या मुलुखांत वारकऱ्यांचें दुःख कोणास परकें नाहीं. पदत्यागाची कसोटी मात्र आम्ही निराळी मानतों. ज्याच्या हातीं लोकांचा न्याय व निर्वाह सोंपविलेला आहे, त्यानेंच त्यांचा उपहास लिहिला तर त्यानें जावें. कारण तेथें विश्वासच उरत नाहीं. साहित्यसंमेलनाच्या अध्यक्षाकडे अशी कोणती सत्ता असते? सदोष चरित्रचित्रणास परखड टीका हेंच उत्तर. राजीनाम्यानें अध्यक्षासन रिकामें झालें. तुकोबांचें चरित्र कसें लिहावें, हा प्रश्न मात्र तसाच राहिला.