दंतवैद्यकीय शिक्षणातील तंबाखूमुक्ती समुपदेशन : एक चिकित्सा

दंत महाविद्यालयांनी तंबाखूमुक्तीचे समुपदेशन शिकवावे, याविषयी आता दुमत राहिलेले नाही. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०१८ मध्ये दंत महाविद्यालयांत तंबाखूमुक्ती केंद्रे स्थापन करण्यासाठी मार्गदर्शक सूचनाही प्रसिद्ध केल्या. तथापि काय शिकवावे व ते कसे तपासावे, हे प्रश्न शिल्लक आहेत.

विचारणे, सल्ला देणे, तयारी अजमावणे, साहाय्य करणे व पाठपुरावा करणे ही प्रचलित पंचसूत्री मुळात धूम्रपान करणाऱ्या पाश्चात्त्य रुग्णाला समोर ठेवून रचलेली आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणात महाराष्ट्रातील धूम्रपानाचे प्रमाण ३.८ टक्के, तर धूरविरहित तंबाखूसेवनाचे प्रमाण २४.४ टक्के आढळले. मिश्री लावणाऱ्या स्त्रीला ‘धूम्रपान करता का?’ असे विचारल्यास ती प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणेल. तिच्या दृष्टीने मिश्री हे व्यसन नसून दात घासण्याचे साधन असते. म्हणजे पंचसूत्रीतील पहिलीच पायरी येथे निसटते. उच्छ्वासातील कार्बन मोनॉक्साइड मोजणारे यंत्रही तंबाखू चघळणाऱ्याविषयी काही सांगत नाही. शिवाय मुखातील सबम्यूकस फायब्रोसिसचे मुख्य कारण सुपारी आहे. केवळ तंबाखू सोडवून सुपारी तशीच राहिली, तर समुपदेशन अपुरे ठरते.

याउलट दंतवैद्याजवळ एक प्रभावी साधन असते, ते म्हणजे आरसा. गालाच्या आतील पांढरा चट्टा किंवा तोंड पुरेसे न उघडणे रुग्णाला प्रत्यक्ष दाखवता येते. परंतु त्यानंतर काय बोलावे, हे व्याख्यानातून येत नाही.

खरी उणीव मूल्यमापनात आहे. विद्यार्थ्याचे काम काढलेले दात, भरलेले दात व बसवलेल्या कवळ्या यांच्या संख्येने मोजले जाते. जे मोजले जात नाही, ते विद्यार्थी मनापासून शिकत नाही. म्हणून ठराविक रुग्णांचे समुपदेशन आणि त्यांचा पाठपुरावा यांची नोंद क्लिनिकल कोट्यात अनिवार्य करावी व प्रात्यक्षिक परीक्षेत मराठीतून संवाद तपासावा.

हे एकट्या दंतवैद्यकाचे काम नाही. विष्णुपुरीच्या परिसरात स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ व शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. भाषा, सामाजिक शास्त्रे व वैद्यक यांच्या प्राध्यापकांनी एकत्र येऊन नांदेड-लातूर भागातील बोलीत संवादाचे नमुने तयार केल्यास दंत महाविद्यालयांना ते उपयुक्त ठरतील. अन्यथा मार्गदर्शक सूचना फायलीत व रुग्णाची पुडी खिशात, अशीच स्थिती राहील.