कूस : एका इंग्रज मळणीकऱ्याच्या निमित्ताने

कॉलेजात इंग्रजी शिकवायला लागल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मी खळ्यावर एक कविता लिहिली. तिवड्याभोवती फिरणारे बैल, राशीवर पडलेले चांदणे, दुरून कुणीतरी घातलेली साद असे सगळे तीत होते. एका मासिकात ती छापून आली. मुरुडला घरी गेलो तेव्हा मोठ्या हौसेने आईला वाचून दाखवली. आईला अक्षरओळख नव्हती. आधी दुसऱ्याच्या आणि नंतर स्वतःच्या चार एकरांत ती आयुष्यभर राबली. तिने कविता सगळी ऐकून घेतली आणि म्हणाली, “समदं खरं हाय रं, पर ह्यात कूस कुठं हाय?”

ज्यांनी ज्वारीचे खळे केलेले नाही त्यांच्यासाठी सांगतो. कणसे मळताना आणि उपणताना जी बारीक भुकटी उडते ती कूस. ती मानेवर, कोपराच्या खळगीत, बायकांच्या चोळीत शिरते आणि घामाला चिकटते. अंघोळ केली तरी रात्रभर अंग खाजत राहते. माझ्या कवितेत चांदणे होते, कारण मी सुटीत घरी येऊन बाजेवर पडल्या पडल्या खळे पाहिले होते. आई उभी होती वाऱ्याच्या तोंडाला, वावडीशेजारी, पाटी भरून वर देत.

पुढे पंचवीस वर्षे मी विद्यार्थ्यांना थॉमस ग्रेची विलापिका शिकवली. १७५१ साली प्रसिद्ध झालेली ही कविता आपल्याकडच्या इंग्रजी शिकलेल्या पिढ्यांनी जवळजवळ पाठ केलेली. तिच्यात संध्याकाळी शेतकरी थकून घरी परततो आणि गावाच्या स्मशानभूमीत कवी एकटा उभा राहतो. शेतकरी दिसतो तो परततानाच. दिवसभर त्याने काय केले हे कवितेला विचारावेसे वाटत नाही. कविता थोर आहे, याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. पण आईचा प्रश्न ज्या कवितेला विचारता येईल अशी अठराव्या शतकातली कविता मला अभ्यासक्रमात मिळाली नाही. ती मिळाली अभ्यासक्रमाबाहेर. तिच्या कवीचे नाव स्टीफन डक.

त्याच्याआधी थोडे पोपबद्दल बोलायला हवे. अलेक्झांडर पोपची गोपगीते १७०९ साली छापली गेली. गोपकाव्य कसे असावे यावर त्याने एक निबंधही लिहिला आणि त्यात फार प्रामाणिकपणे सांगून टाकले की, मेंढपाळाच्या आयुष्याची चांगली बाजू तेवढी दाखवावी आणि हालअपेष्टा झाकाव्यात, त्याशिवाय हे काव्य गोड लागत नाही. या प्रामाणिकपणाबद्दल मला पोप आवडतो. त्याचे मेंढपाळ खरे नाहीत हे तो जाणतो आणि आपल्यालाही कळवतो. फसवणूक सुरू होते ती पुढे, वाचक ते विसरतात तेव्हा.

डकचा जन्म १७०५चा, विल्टशर परगण्यातल्या चार्ल्टन गावचा. चौदाव्या वर्षाच्या सुमारास शाळा सुटली आणि तो शेतमजुरीला लागला. काम संपल्यावर मिल्टन वाचायचा, शेजारी शब्दकोश ठेवून. त्याच्या कविता ऐकून स्टॅनली नावाच्या एका पाद्र्याने त्याला सुचवले की, तू स्वतःच्या कामावर लिही. त्यातून ‘द थ्रेशर्स लेबर’ ही कविता तयार झाली आणि १७३०मध्ये छापली गेली.

तिथली मळणी आपल्यासारखी बैलांच्या पायांखाली होत नसे. कोठाराच्या बंद जमिनीवर दोघे दोघे समोरासमोर उभे राहायचे आणि दांडक्याला वादीने जोडलेल्या दुसऱ्या दांडक्याने धान्य झोडपायचे. एकाचा घाव पडतो तोवर दुसऱ्याचा वर गेलेला असतो. दिवसभर हेच. डक सांगतो की घाम अंगावरून ओघळतो, धूळ घशात जाते आणि मुख्य म्हणजे बोलता येत नाही. मेंढपाळाला गोष्ट सांगून वेळ काढता येतो, ओढ्याचा आवाज ऐकता येतो, पाखरे ऐकू येतात. आमच्या दांडक्यांच्या आवाजात आमचाच शब्द बुडतो, असे त्याचे म्हणणे आहे. वाटाणा मळायचा असतो त्या दिवशी तो इतका काळा होऊन घरी जातो की पोरे बागुलबुवा आला म्हणून रडतात. धान्य कमी निघाले की मालक येऊन शिव्या देतो, शेजारच्यांनी तुमच्या दुप्पट मळले म्हणतो. सुगी आटोपल्यावर मालक जेवण घालतो, त्या रात्री सगळे खूश असतात, आणि दुसऱ्या सकाळी तेच काम तसेच समोर उभे असते. शेवटी डकला सिसिफस आठवतो, दगड वर ढकलतच राहणारा.

पोपचे यमक आणि पोपचाच छंद डकने उचलला आहे. कूस मात्र पोपकडे नव्हती, ती त्याने स्वतःची घातली. डकने मेंढपाळाचे नाव घेतले ते त्याला हाकलून देण्यासाठी, हे मला या कवितेतले सर्वांत मोलाचे वाटते. ओढ्याचा आवाज ऐकायला फुरसत लागते आणि गोपकाव्य म्हणजे फुरसत असलेल्याने फुरसत असलेल्यासाठी लिहिलेले काव्य, हा निकाल त्याने कुठलीही व्याख्या न करता दिला.

आता आपल्याकडे. इंग्रजी कवितेच्या अभ्यासातून मराठीत जे आले त्यात जानपदगीतही आले. १९२३ साली पुण्यात रविकिरण मंडळ स्थापन झाले, आणि त्या काळात या प्रकाराला बहर आला. गिरीशांचे ‘आंबराई’, पुढे ग. ल. ठोकळांचे ‘मीठभाकर’ ही नावे आपल्या ओठांवर आहेत. या कवींवर आता दगड मारणे सोपे आहे आणि मला ते करायचे नाही. खेड्यातले प्रश्न त्यांना दिसत होते. ‘आंबराई’ वाचणाऱ्याला हे सांगायला नको. तरी जानपदगीत म्हणून जे शेकड्यांनी लिहिले गेले त्यात बांध, मोट, झुळूक, रुसलेली कारभारीण हे सामान पुन्हा पुन्हा येते आणि काम येतच नाही. डकशी ताडून पाहिले की एक वेगळीच गोष्ट ध्यानात येते. त्याच्याकडे कामाचे गाणे नव्हते. कोठारात कुणी गातच नसे, म्हणून त्याला पोपचा छंद उसना घ्यावा लागला. आपल्याकडे उलट. कापणीला भलरी होती, जात्याला ओवी होती. गाणे कामातूनच उगवत होते, मजुराच्या श्वासाच्या मापाने. जानपदगीताने ती चाल घेतली आणि ज्या हातांची ती होती ते हात सोडून दिले. डकने छंद उसना घेतला आणि हात स्वतःचे ठेवले. मला वाटते, मराठी ग्रामीण कवितेच्या समीक्षेत बोलीवर आपण जितकी शाई खर्च केली त्याच्या चौथाई जरी या चालीच्या प्रश्नावर केली असती तर बरे झाले असते. ‘हाय’, ‘न्हाय’ लिहिले की कविता खळ्यावर पोहोचत नाही, हे माझी छापील कविता मला रोज सांगते.

डकचे पुढे काय झाले ते सर्वांना माहीत असलेल्या गोष्टींसारखे आहे. कविता राणी कॅरोलाइनपर्यंत पोहोचली. तिने त्याला वर्षाला तीस पौंड आणि रिचमंडला घर दिले. पुढे तो राजाच्या शरीररक्षकांत गेला, राणीच्या ग्रंथालयाचा राखणदार झाला, शेवटी पाद्री झाला. जोनाथन स्विफ्टने त्याच्यावर विषारी ओळी लिहिल्या. लॉर्ड पामर्स्टन यांनी चार्ल्टनमध्ये जमीन लावून दिली, तिच्या उत्पन्नातून मळणीकऱ्यांना दरवर्षी जेवण मिळावे म्हणून. ती प्रथा डकच्या मागे शतकानुशतके चालली. १७३६च्या संग्रहात डकने आपल्या त्या कवितेलाच रंधा मारून गुळगुळीत केले. आणि ज्या मेंढपाळांना त्याने हाकलले होते ते त्याच्या नव्या कवितांत ग्रीक नावे घेऊन परत आले. १७५६ साली त्याने पाण्यात जीव दिला.

दरबाराने कवी मारला, असा सरळ निष्कर्ष काढायचा मोह होतो. तो मला पटत नाही. त्याच्या मरणाचे कारण कवितेत शोधणे तर अन्यायाचेच होईल. विद्येने तो बिघडला असेही नाही. सिसिफस त्याला वाचनातूनच मिळाला होता आणि तो कोठारात अगदी चपखल बसला. गेली ती रागाची दिशा. ‘द थ्रेशर्स लेबर’मध्ये मालक समोर आहे, त्याचा आवाज आहे, आणि कवी त्या आवाजाला उत्तर देतो आहे. रिचमंडला ऐकणारा आणि देणारा एकच झाला. तिथे कुणाला उत्तर द्यायचे? ना. धों. महानोर आठवतात ते इथे. ‘रानातल्या कविता’ १९६७ साली आली, महानोरांना मोठे वाचक मिळाले, ते विधानपरिषदेवर गेले, सिनेमासाठी गाणी लिहिली, आणि पळसखेडची शेती त्यांनी सोडली नाही. त्यांच्या कवितेत चांदणे भरपूर आहे, माझ्या आईने कदाचित त्यांनाही तो प्रश्न विचारला असता. पण त्यांचे रान कधी देखावा झाले नाही, कारण त्यांना पाऊस पडला की नाही याच्याशी खरेच देणे-घेणे होते.

डकला मात्र एक उत्तर मिळाले, आणि या सगळ्या प्रकरणातला मला सर्वांत प्रिय भाग तोच आहे. त्याच्या कवितेत गवत कापणीच्या वेळी बायका येतात. सगळ्या एकदम बडबडतात, काम थोडे, तोंड फार, आणि पाऊस आला की गप्प होऊन पळतात, असे त्याने गमतीने लिहिले. हॅम्पशरमधल्या पीटर्सफील्डची मेरी कॉलिअर नावाची बाई, लोकांची धुणी धुणारी, हे वाचून पेटली. १७३९ साली तिने ‘द वुमन्स लेबर’ हे पत्रकाव्य छापले, स्टीफन डकलाच उद्देशून. बोलणे ही आमची एवढीच एक मुभा, तीही तुम्हाला सलते का, असे ती विचारते. मग दिवस मोजून दाखवते. शेतात कापणी करायची, सरवा वेचायचा, पोराला कपड्यांत गुंडाळून शेतातच ठेवायचे, संध्याकाळी घरी येऊन रांधायचे, नवरा जेवून झोपला तरी हिला झोप नाही, कारण मध्यरात्रीनंतर दुसऱ्याच्या घरी धुण्याला जायचे. घासून घासून बोटांतून रक्त येते. डक सिसिफसला आठवतो, तर मग आम्ही त्या पुराणकथेतल्या मुली, ज्यांना बिनबुडाची पिंपे पाण्याने भरत बसावे लागते, असे ती म्हणते. धुणेवालीला याहून नेमकी उपमा सापडली नसती.

आमच्या लातूर भागात येळवस असते, वेळा अमावस्या. त्या दिवशी सगळे गाव शेतात असते. कडब्याच्या कोपीत पांडव मांडतात, आंबील, भज्जी, ज्वारी-बाजरीचे उंडे. येळवशीवर मी स्वतः दोन ललितलेख लिहिले आहेत. आदल्या रात्री भज्जीसाठी शेंगा सोलत जागणाऱ्या बायका त्यांतल्या एकातही नाहीत. डकचा चष्मा माझ्याही नाकावर होताच.

कॉलिअर वाचल्यावर बहिणाबाई वेगळ्या दिसायला लागतात. १९५१ साली त्या गेल्या, १९५२ साली आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली. मुलगा सोपानदेव हे त्या काळचे नावाजलेले कवी, आणि आई घरात आणि शेतात गाणी रचते आहे. ‘पेरनी’, ‘कापनी’, ‘रगडनी’, ‘उपननी’ अशी कामांचीच नावे त्यांनी गाण्यांना दिली आहेत. आपण शाळेत त्यांचे तत्त्वज्ञान शिकवतो, संसाराविषयीच्या ओळी फलकांवर लिहितो, आणि कामाच्या या गाण्यांना ‘निसर्गवर्णन’ म्हणून बाजूला करतो. ‘उपननी’त त्या वाऱ्याला मारुतीचा बाप म्हणून हाक मारतात. ज्याला यात केवळ गोड कल्पना दिसते त्याने पाटी डोक्याच्या वर धरून वारा पडल्यावर उभे राहून पाहावे. वारा थांबला की दिवस वाया आणि हात अवघडलेले; ती हाक म्हणजे आर्जव आहे आणि थोडा दमही आहे. डक ज्याला उत्तर देत होता तो मालक या गाण्यात दिसत नाही. त्याच्या जागी वारा आहे, आणि बाई त्याच्याशी बरोबरीने बोलते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी गोळा केलेल्या एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्यांतही हेच बोलणे आहे, कधी जात्याशी, कधी भावाशी, कधी विठ्ठलाशी. कॉलिअरला पत्र लिहून छापावे लागले. आपल्या बायकांचे पत्र पहाटेच सुरू व्हायचे आणि पिठाबरोबर संपायचे.

मुरुडच्या शिवारात आता तिवडा दिसत नाही. ज्वारी कमी झाली, सोयाबीन आले आणि त्याच्यामागे हडंबा आला. दोन एकरांचे सोयाबीन दुपारभरात निघते. त्याच्या आवाजात कुणाला काही ऐकू येत नाही; तोंडाला फडके बांधलेल्या बाया खुणांनी बोलतात. डकचे कोठार मला तिथे, गेल्या दसऱ्यानंतर, प्रत्यक्ष दिसले. धूळ सोयाबीनची असली तरी खाज तीच.

त्या संध्याकाळी कॉलिअरच्या कवितेचा मी केलेला अनुवाद वहिनींना वाचून दाखवला. आई आता नाही. वहिनी हातावर खोबरेल तेल चोळत ऐकत होत्या. रक्ताची ओळ आली तेव्हा काहीच बोलल्या नाहीत. संपल्यावर म्हणाल्या, “भावजी, किती पडायचं तिला?”

“सहा नाहीतर आठ पेन्स.”

“दिसाचं?”

“रात्र धरून.”

“अन् भाकरी मालकाची का घरची?”

मी पुस्तक पुन्हा उघडले. उजाडल्यावर मालकीण येते, असे कॉलिअरने लिहिले आहे. झालाच तर हातात बिअरचा एक पेला असतो. मग कापड जपून धुवा, साबण कमी लावा, असे सांगून जाते.

“म्हंजी घरचीच,” वहिनी म्हणाल्या.