गाव कोणाच्या डोळ्यांनी पाहावे?

बुलढाणा जिल्ह्याच्या वाट्याला समुद्र आलेला नाही. खारे पाणी म्हटले की आम्हाला लोणारचे सरोवर आठवते. त्यामुळे कोकण-गोव्यातील जुने ख्रिस्ती गाव आमच्यापैकी अनेकांना भेटते ते छायाचित्रांतूनच. जे दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहायचे, त्या डोळ्यांची पारख करणे अगत्याचे ठरते. गोव्यातील कॅथॉलिक समाजाची दोन कृष्णधवल चित्रणे त्यासाठी शेजारी ठेवून पाहण्यासारखी आहेत.

पहिले, प्रबुद्ध दासगुप्ता यांचे ‘एज ऑफ फेथ’ हे २००९ मध्ये प्रसिद्ध झालेले पुस्तक. त्यातील मजकूर विल्यम डॅलरिम्पल यांचा आहे. दासगुप्ता फॅशन छायाचित्रणात नावाजलेले. प्रकाश कुठे थांबवावा हे त्यांना नेमके ठाऊक होते. जुन्या घरांची दालने, वेद्या, वृद्ध चेहरे यांवर त्यांची नजर आदराने स्थिरावते. परंतु पाने उलटताना मन हळूहळू अस्वस्थ होते. हा समाज जणू निरोप घेण्याच्या तयारीत आहे, असा सूर चित्रांतून उमटत राहतो. रविवारी मिस्साला जाणाऱ्या, मुलांच्या शाळेची फी भरणाऱ्या, मासळीच्या भावावरून हुज्जत घालणाऱ्या माणसांना आपण अस्तंगत झालो आहोत, हे अद्याप कोणी कळवलेले नाही! सौंदर्य येथे निर्विवाद आहे. मात्र ते मृत्युलेखाचे सौंदर्य आहे.

दोष कृष्णधवल रंगाचा, असे कोणी म्हणेल. दुसरे उदाहरण त्याला उत्तर देते. दयानिता सिंग याही दिल्लीहून गोव्यात आलेल्या. त्यांनी ‘डिमेलो वाडो’ हे आपले प्रदर्शन २००० साली बार्देशमधील सालिगावातच, तेथील सालिगाव इन्स्टिट्यूटमध्ये मांडले. चित्रे मोठ्या शहरातील कलादालनात जाण्यापूर्वी गावाच्या सभागृहात लागली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. तेथे प्रेक्षक चित्रातील खुर्ची ओळखतो, ती कोणाच्या घरातली हे सांगतो आणि चित्र खोटे असेल तर तोंडावर बोलून दाखवतो. एवढी कडक परीक्षा कोणताही समीक्षक घेत नाही.

फिल्मच्या कॅमेऱ्याचे खरे बळही येथेच उमगते. सिंग यांच्या हॅसलब्लाड कॅमेऱ्यात एका रोलवर चौकोनी अशी बाराच चित्रे मावतात. कॅमेरा पोटाशी धरून, मान खाली घालून त्याच्या काचेत पाहावे लागते. समोरच्या माणसावर तो बंदुकीसारखा रोखला जात नाही. चित्रे मोजकी, म्हणून थांबावे लागते. थांबल्यावर बोलणे होते. आणि तोवर समोरचा माणूस आपल्याला कसे दिसायचे आहे हे स्वतः ठरवतो. आज तरुण मंडळी फिल्मकडे पुन्हा वळत आहेत ती बहुधा तिच्या दाणेदार, जुनाट रूपासाठी. ते रूप म्हणजे फिल्मचे वरवरचे दान आहे. तिचे मोठे दान म्हणजे सक्तीचा धीर.

आपल्या रायगड जिल्ह्यातील कोर्लईचे चित्रण करू पाहणाऱ्याने हे ध्यानी घ्यावे. तेथील किल्ला आणि समुद्र कोणालाही मोहवतील. पण १७४० मध्ये पोर्तुगीजांची सत्ता गेल्यानंतरही तेथील ख्रिस्ती कुटुंबांनी पोर्तुगीजमधून घडलेली आपली बोली, मराठीच्या शेजारी नांदवत, घरात जपली. पडका बुरूज त्या गावाचा भूतकाळ सांगेल. ओटीवर नातवाला हाक मारणारी आजी त्याचा वर्तमान सांगेल. छायाचित्राला आवाज नसतो. म्हणून ती हाक चेहऱ्यावर उमटेपर्यंत थांबणे, हेच छायाचित्रकाराचे काम.

आणि चित्रे तयार झाली की ती प्रथम कोर्लईतच लावावीत. समुद्रापासून दूर राहणारे आम्ही नंतर पाहू. गावाने आपली म्हणून ओळखलेली चित्रे आमच्यापर्यंत उशिरा आली, तरी चालेल.